बझर वाजला की थांबायचं

आप्पांविषयी काही बरं सांगायचं असेल तर आधी मला चार वाईट गोष्टी सांगू द्या. नाहीतर कुणा दुसऱ्याच सज्जन माणसाचं वर्णन व्हायचं, आणि आप्पांना कुणी सज्जन म्हटलेलं खपायचं नाही.

ते तोंडाने फाटके होते. भांडायला त्यांना मुहूर्त लागत नसे. लग्नात आचाऱ्याशी भांडायचे, पाणी सोडणाऱ्या शिपायाशी भांडायचे, देवळात गुरवाशी भांडायचे. आचाऱ्याच्या शेगडीची नळी चिरलेली असायची, पाण्याच्या मोटरीच्या स्टार्टरमध्ये बटण दाबून ठेवायला काडी खुपसलेली असायची, गाभाऱ्यात समईच्या डोक्यावर उघडी वायर लोंबत असायची. ज्याला विचारावं तो हसून म्हणायचा, "चालतंय की, आप्पा." या शब्दावर त्यांचं टाळकं सटकायचं.

"चालत न्हाई त्ये! तुम्ही ढकलताय त्याला! आन् ज्या दिशी पडंल त्या दिशी माझ्या दारात येऊन रडू नगा!"

मग ते स्वतःच ती काडी उपटून काढायचे, मोटर बंद पडायची आणि सगळ्या आळीचं पाणी जायचं. बायका रिकामे हंडे घेऊन त्यांच्या नावाने बोटं मोडायच्या. मीसुद्धा मोडली आहेत. घरात पाहुणे आणि नळाला पाणी नाही, अशा वेळी कुणाचं शहाणपण गोड लागत नाही.

मी हल्ली कारेगावात खोली घेऊन राहते. त्याआधी आठ-नऊ वर्षं सासरच्या गावाहून रोज ये-जा केली. भीमेच्या अलीकडे आमचं गाव, दौंड तालुक्यात. पलीकडे शिरूर तालुका, तिथून कंपनीची बस रांजणगावला जायची. मी प्रेस शॉपला क्वालिटीत, आणि आप्पा त्याच शॉपला मेंटेनन्सचे फोरमन. गाव एक आणि कंपनीही एक, त्यामुळे त्यांच्या तोंडाचा पट्टा मला दोन्हीकडे ऐकावा लागला. नावाने त्यांनी मला कधी हाक मारली नाही. मी त्यांच्यासाठी "क्वालिटी" होते.

कंपनीत त्यांनी जे केलं ते आजही सांगतात, पण हसण्यासाठी सांगतात. याचाच मला संताप येतो. प्रेसच्या तोंडाशी किरणांचा एक पडदा असतो. डोळ्यांना दिसत नाही, पण हात त्यात आला की प्रेस जागच्या जागी थांबते. थांबली की टार्गेट हुकतं. मग सुपरवायझर कुणालातरी डोळा मारतो, कुणीतरी मागे जाऊन दोन वायरी जोडतो, आणि पडदा नुसताच नावाला उरतो. याला बायपास म्हणतात आणि तो सगळ्यांना येतो. पोळ्या लाटाव्यात इतक्या सहज येतो. एका दिवशी आप्पांच्या हे लक्षात आलं. त्यांनी सरळ मेन स्विच खाली ओढला, त्याला घरून आणलेलं कुलूप लावलं, किल्ली चड्डीच्या आतल्या खिशात टाकली आणि स्टुलावर बसून शेंगा खायला लागले. मॅनेजर धावत आला.

"आप्पा, किल्ली द्या. लाइन बंद आहे!"

"दिसतंय मला. मीच बंद केलीया."

"डिस्पॅच कोण करणार?"

"तुमच्या दोन्ही हाताची बोटं शाबूत हायत न्हवं? मग तुम्हीच करा."

अख्खी शिफ्ट ते तिथून हलले नाहीत. त्या प्रेसवर कुणाचा हात गेला नाही, त्यामुळे कुणाचा हात वाचला हेही कुणाला कळलं नाही. कळलं ते एवढंच की लाइन बंद पडली. आप्पांना उचलून स्टोअरला टाकलं आणि रिटायर होईपर्यंत त्यांनी नटबोल्ट मोजले. निरोपाच्या दिवशी मॅनेजरने भाषणात ही गोष्ट गंमत म्हणून सांगितली आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

त्यानंतर बोट आली. नदीवर आमचा एक बुडीत, म्हणजे पुरात पाण्याखाली जाणारा पूल होता, एका पावसाळ्यात त्याचा पलीकडचा भराव वाहून गेला. नवा पूल होणार होता. पुढारी येत होते, नारळ फुटत होते, पूल तेवढा होत नव्हता. रस्त्याने जायचं तर भलामोठा वळसा. शेवटी एका कंपनीने समाजकार्य म्हणून गावाला फायबरची बोट दिली. तिच्या मागच्या फळीला लटकवलेलं नवंकोरं पेट्रोल इंजिन होतं. गावाने लगेच बोट कमिटी नेमली आणि अध्यक्ष म्हणून सोसायटीच्या चेअरमनना बसवलं. आमच्या गावात कुठल्याही कमिटीचे अध्यक्ष तेच असतात. बोट चालवायला मात्र कुणी पुढे होईना. फुकट चालवायची होती ना! म्हणून ती आप्पांच्या गळ्यात पडली.

त्या इंजिनावर त्यांनी जेवढी माया केली तेवढी बायकोवर केली नसेल, असं त्यांची बायकोच सांगायची.

"ह्याला चार नाकं हायत," बोट सुटली की आप्पांचं सुरू व्हायचं. सेन्सरला ते नाक म्हणत. "एक इंजिनाचा ताप हुंगतंय. एक तेलाचा दाब. एक पेट्रोलमधी पाणी आलं का त्ये. आन् एक, लई पळवलं का त्ये. कुठं बिघाड दिसला की पहिलं बझर वाजवतंय. तुम्ही बहिरं असला तर सोताच हळू व्हतंय. सोताला वाचवतंय आन् तुम्हालाबी. तुमची जाऊ रुसायच्या आधी एवढं सांगती का?"

बझर वाजला की थांबायचं, हा त्यांचा कायदा. नदी असो, पाऊस असो, पलीकडे बस हॉर्न मारत असो. शिवाय ते इंजिन नदीचंच पाणी खालून ओढून स्वतःला गार ठेवायचं आणि वापरलेलं पाणी बाजूच्या भोकातून बारीक धारेने बाहेर टाकायचं. त्या धारेवर लक्ष ठेवायला ते रोज एक माणूस बसवत. बहुतेक वेळा मलाच.

"क्वालिटी, धार?"

"हाय, आप्पा."

"केवढी?"

"करंगळीएवढी."

"हात लावून बघ. डोळ्यांनी गरम कळतंय का?"

साडी सावरत, एका हाताने डबा धरून मी त्या धारेला हात लावायची आणि मनातल्या मनात त्यांच्या सात पिढ्या उद्धारायची. बोटीत कुणी चुकून "चालतंय" म्हटलं की ते बोट परत काठाला लावून त्याला उतरवत. थट्टा नाही, खरंच उतरवत. चालवणाऱ्याच्या मनगटाला एक लाल दोरी बांधायची असते. तिचं दुसरं टोक इंजिनात अडकवलेलं असतं, म्हणजे माणूस पाण्यात पडला तर दोरी सुटून इंजिन बंद होतं. आप्पा ती दोरी घरी गेल्यावरही काढत नसत. वरातीत, मयतीत, दौंडच्या बाजारात, सगळीकडे ती मनगटाला लोंबायची. एकदा व्याह्यांनी भक्तिभावाने विचारलं, "कुठल्या देवस्थानचा दोरा?" आप्पांनी व्याह्यांना जे उत्तर दिलं ते मी लिहू शकत नाही.

या माणसाचं जगात एकाच माणसाशी भांडण नव्हतं. तो दत्ता, चेअरमनचा पुतण्या. तिशीला आलेला, बायको आणि लहान मुलगी असलेला, आमच्याच कंपनीत मेंटेनन्सला. स्टोअरला टाकलेल्या आप्पांकडे जेवणाच्या सुट्टीत जाऊन बसणारा तो एकटा. आप्पांनी आपलं होतं नव्हतं ते सगळं त्याच्या हातात ओतलं. बोट आल्यावर इंजिनही शिकवलं. दत्ता चुकला तर आप्पा नुसते हसायचे. "व्हतंय, पोरा. पुन्यांदा कर." हे वाक्य त्यांच्या तोंडून दुसऱ्या कुणी ऐकलेलं नाही. स्वतःच्या मुलानेही नाही.

पावसाळ्याच्या तोंडाला नदीत जलपर्णी येते. वरची शहरं आपली घाण नदीत सोडतात, ती खाऊन ही माजते आणि आमच्याकडे उतरते. तिची मुळं इंजिनाच्या जाळीत अडकली की पाणी ओढलं जात नाही, इंजिन तापतं आणि बझर वाजतो. त्या वर्षी तो रोज वाजायला लागला. रोज आप्पा भर नदीत इंजिन बंद करून वर उचलायचे, मुळं उपटायचे, पुन्हा खाली सोडायचे. बस निघून जायची. आम्हा पर्मनंट लोकांना अर्धी रजा लागायची. कंत्राटी बायांना गेटवरूनच परत पाठवायचे, त्या दिवसाची मजुरी गेली ती गेली. एका सकाळी तर दोनदा वाजल्यावर त्यांनी बोट सरळ माघारी वळवली. बोटीत बाया रडत होत्या, पुरुष शिव्या देत होते आणि आप्पा त्या सगळ्यांना पुरून उरत होते.

"म्होरं न्या, आप्पा! पलीकडं गेल्यावर काढा ना घाण!"

"पलीकडं? मधीच जाम झालं तर तुझा बाप वल्हवणार हाय का?"

संध्याकाळी देवळासमोर कमिटी बसली. चेअरमन समजुतीच्या सुरात म्हणाले, "आप्पांचं खरं हाय, पर लोकान्ला पोटं हायत. इंजिन तर चांगलं पळतंय. तेवढा बझर वाजणार न्हाई आसं कायतरी बघा म्हंजी झालं." हे म्हणताना त्यांची नजर आप्पांवर नव्हती, पुतण्यावर होती. सगळ्यांनी माना डोलावल्या.

त्यानंतर बझर वाजेनासा झाला. बस मिळायला लागली आणि गाव खूश झालं. फक्त आप्पा बेचैन. बोट चालवताना मान वाकडी करून इंजिनाकडे कान लावायचे. "हे गप का हाय? एवढी घाण हाय नदीत, आन् हे गप कसं?" लोक हसायचे. आप्पांना आता शांतताही सोसत नाही, म्हणायचे.

एका दिवशी शिफ्ट करून परत येत होतो. अलीकडच्या काठाला लागता लागता मी सवयीने धारेला हात लावला आणि ओरडले. हात भाजला होता. धारेत पाणी जवळजवळ नव्हतंच, नुसती वाफ, आणि बझर तरीही गप्प. आप्पांनी इंजिन बंद केलं, वरचं झाकण काढलं. तापाच्या सेन्सरची वायर त्यांनी बाहेर ओढली. सेन्सर सुटा होता आणि वायरीच्या तोंडात एक छोटासा रेझिस्टर खोचून काळी टेप गुंडाळली होती. म्हणजे इंजिनाला कायम वाटत राहणार, आपण गार आहोत. भट्टी झाली तरी गार.

आम्ही सगळे काठावर उभे राहिलो. आता आप्पांचं तोंड सुटणार, असं वाटलं. आप्पांनी टेपचं टोक नखाने उचललं. ते उलटं दुमडलेलं होतं, पुन्हा सोडवायला सोपं जावं म्हणून. थोडा वेळ ते त्या टोकाकडेच बघत राहिले. मग रेझिस्टर काढून फेकला, सेन्सर जागेवर जोडला, झाकण लावलं. मनगटाची लाल दोरी सोडवून बसायच्या फळीवर ठेवली आणि एक शब्द न बोलता घरी चालते झाले. गर्दीत दत्ता खाली मान घालून उभा होता. मला तेव्हा काहीच उमगलं नाही. मला वाटलं, म्हातारा शेवटी थकला.

गावानेही तसंच धरलं. दोघे-तिघे मनधरणीला गेले, त्यांना दारातूनच परत लावलं. "आप्पा रुसले," असं म्हणून गावाने सुस्कारा टाकला आणि बोट दत्ताकडे आली. तो कामावर जाताना न्यायचा, येताना आणायचा. धारेवर माणूस बसवायची पद्धत मोडली. आप्पा सगळ्यांना घालायला लावायचे ती तरंगायची जाकिटं फळीखाली गेली. बझर काही वाजला नाही, आणि मी मनाशी धरून चालले की आता जलपर्णी कमी झाली असेल.

तो दिवस आला तेव्हा वरच्या धरणांतून पाणी सोडलेलं होतं. नदी लाल आणि फुगलेली. त्या दिवशी बोट काढायला नको होती. पण बस पलीकडे उभी होती आणि कंपनीला नदीचं काय? चेअरमन काठावर होते. "सावकाश ने," एवढंच ते म्हणाले. मध्यावर आलो आणि इंजिनाने एकच आचका दिला. बझर नाही, हळू होणं नाही, सूचना नाही. कर्रर्र असा आवाज आणि मग फक्त नदीचा आवाज. दत्ताने किल्ली फिरवली. स्टार्टरची दोरी ओढली. इंजिन आतून जाम झालं होतं. बोट आडवी होऊन खालच्या बंधाऱ्याकडे वाहायला लागली. दत्ता मागच्या फळीवरून ओणवा झाला आणि जाळीतली मुळं ओरबाडायला लागला. अंगात जाकीट नाही. तेवढ्यात वाहत आलेलं झाडाचं खोड बोटीला धडकलं.

तो पडला तेव्हा ओरडलासुद्धा नाही. पाण्याच्या वर एकदा हात दिसला. मी नांगर फेकला. आप्पांनी तो कसा फेकायचा हे शिव्या देऊन देऊन शिकवलं होतं, त्या शिव्याच माझ्या कानात होत्या. नांगर कशाला तरी अडकला आणि बोट थांबली. मासेमारीवाले येऊन आम्हाला घेऊन गेले. दत्ता दोन दिवसांनी खाली बाभळींत सापडला.

पुण्याहून मेकॅनिक आला, त्याने इंजिन उघडलं. तापाच्या वायरीत पुन्हा तोच रेझिस्टर, तशीच काळी टेप. गावात सगळ्यांना कळलं आणि कुणीच काही बोललं नाही. तोंडावर हात ठेवून बसायला आमच्या गावाला कुणी शिकवावं लागत नाही.

दशक्रिया नदीकाठीच होती. आमच्याकडे दशक्रियेला माइक असतो. पिंडाला कावळा शिवेपर्यंत पुढारी श्रद्धांजली वाहून घेतात. चेअरमन बोलायला उभे राहिले. रडले, आणि खरंच रडले, ते मी नाकारत नाही. पण रडून झाल्यावर म्हणाले, "इंजिनच खराब दिलं त्या लोकांनी. आन् ज्यांच्या भरवशावर गावाने बोट सोपवली त्यांनी ऐन पावसाळ्यात पाठ फिरवली. माझा पुतण्या गावासाठी गेला." लोकांच्या माना वळल्या. आप्पा शेवटच्या रांगेत बसले होते.

ते उठून पुढे आले. माइक त्यांनी मागितला नाही, घेतला.

"इंजिन खराब नव्हतं. त्याच्या तोंडात बोळा घातला व्हता. तो बोळा कसा घालायचा त्ये दत्ताला मी शिकवलं. सेन्सर बिघडलाय का इंजिन, त्ये तपासायला तसं करत्यात. तपासून झालं की काढायचा आसतो. शिकवलं मी. आन् लाव म्हणून सांगितलं कुणी, त्ये इथं समद्यान्ला ठावं हाय. देवळासमोर माना हलवत व्हता न्हवं?"

"आप्पा, ही वेळ हाय का?" चेअरमन म्हणाले. त्यांनी माइकवाल्याकडे बोट केलं आणि माइक बंद झाला. मला त्या क्षणी तो माइक उचलून कुणाच्यातरी डोक्यात घालावासा वाटला. या गावाला आवाज बंद करायची एवढी हौस! वाजलं की बंद करा, बोललं की बंद करा, आणि माणूस बुडाला की चहा ठेवा.

पण आप्पांना माइक कधी लागला नव्हता. ते तसेच बोलत राहिले. आणि बायकांच्या बाजूने दत्ताची बायको उठून उभी राहिली. मुलगी तिच्या खांद्यावर झोपलेली होती.

"आप्पा," ती म्हणाली, "त्यांनीच त्ये लावलंय, हे तुम्हाला कवा कळलं?"

"पयल्यांदा सापडलं तवाच. टेपचं टोक बघून. तसं दुमडायला मीच शिकवलं व्हतं."

"म्हंजी तुम्ही बोट सोडली त्या दिशी?"

"व्हय."

"तुम्ही साऱ्या गावाला शिव्या घालायचा. मी हंडा घिऊन आले तर मला घातल्या. यांच्या चुलत्याला घातल्या. देवाला सोडलं न्हाई तुम्ही." तिचा आवाज चढला नाही. "मग माझ्याच माणसाला का न्हाई घातली? एक कानाखाली ओढली आसती, चारचौघांत. लाजंनं तरी पुन्यांदा लावलं नसतं त्यांनी."

चेअरमन जमिनीकडे बघत होते. आप्पांचा हात उगाच स्वतःच्या रिकाम्या मनगटावर फिरला. त्या माणसाला शब्द शोधताना मी कधी पाहिलं नव्हतं. मला गावाचा राग होताच, आणि आता आप्पांचाही आला. साऱ्या जगावर भुंकलात ना, मग तिथेच का गप्प बसलात?

"माझा म्हणून सोडला गं, पोरी," आप्पा म्हणाले.

दत्ताच्या बायकोने मुलीला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं.

"तसा समद्यांनीच सोडला," ती म्हणाली आणि खाली बसली.